माळ्यावरचा वारा

रात्री दीड वाजता आमच्या माळ्यावर वारा सुटतो.
खिडकीचा पडदा हलत नाही, दिव्याची कोळिष्टकं हलत नाहीत,
फक्त व्हित्सेचं तोंड स्क्रीनच्या उजेडात
कधी हिरवट, कधी राखाडी.

दिवसा तो गोठ्यागोठ्यांतून फिरतो,
दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो.
शेणाचा आणि रबरी नळ्यांचा वास घेऊन
तसाच वर चढतो, समुद्राला बसतो.
अकरा वर्षं झाली.
कुणी पैसे देत नाही, कुणी मागितलेलंही नाही.
बहीण विचारते, "संपलं का गं त्याचं?"
मी म्हणते, पाणी कधी संपतं का.

आणि आमचं पाणी तरी कुठलं अस्सल!
बत्तीस साली बांध घातला,
समुद्राचं तळं झालं, खारं होतं ते गोडं झालं.
बनावट पाण्याला हसायचा हक्क
स्टाव्होरनमध्ये कुणालाच नाही.

एक अख्खा हिवाळा एका दोरात गेला.
दोर भिजला की जड होतो,
जड झाला की झोळ पडतो,
झोळ पडला की शीड अर्धा श्वास उशिरा भरतं.
तो अर्धा श्वास त्याला हवा होता.
मला न्हाणीघराची फरशी हवी होती.
मार्चमध्ये दोर जमला.

होडी त्याच्या आजोबांची. चपट्या बुडाची,
दोन्ही कुशींना लाकडी पाती,
बदकाने पंख मिटावेत तशी.
खरी त्रेसष्टात भंगारात गेली.
उरले तीन फोटो आणि एक खिळा.
खिळा कीबोर्डशेजारी असतो, धूळ पुसताना उचलायचा नाही.

चाचणीला त्याने चित्स्केमावशीला आणलं.
वय सत्त्याऐंशी, जन्म होडीतच,
जळाऊ मातीच्या विटांच्या ढिगाआड.
डोळ्यांना आता नुसता उजेड कळतो.
मी म्हटलं, अरे, तिला काय दाखवणार?
तो म्हणाला, बसू तर दे.

ती बसली. कोट काढला नाही.
मान तिरकी करून ऐकत राहिली.
"शीड खोटं बोलतंय," म्हणाली.
"हे इस्त्रीचं कापड. आमचं ठिगळांचं होतं.
ठिगळ आधी फडफडतं, मग बाकीचं."
व्हित्सेने लिहून घेतलं.
"पाणीही एकाच सुरात आपटतंय.
उथळावर रिकाम्या बादलीसारखा आवाज येतो,
नाहीतर रात्री कळणार कसं, रेती आली ते?"
तेही लिहून घेतलं.
मग तिने विचारलं, "आणि वारा पडला तर?"

वारा पडत नाही, तो म्हणाला.
पडला तर खेळणारे कंटाळतील.

मावशी थोडा वेळ गप्प.
"आमचा रिंट्स गेला, तेव्हा वारा पडला होता.
पोटात दुखायला लागलं सहाला.
किनारा दिसत होता.
चर्चचं घड्याळ वाचता येत होतं, इतका जवळ.
बाबा वल्ह्याने रेटत होते, होडी मातीने भरलेली.
पावणेदहापर्यंत मीच वाचत होते घड्याळ, त्याला सांगत होते."

व्हित्सेने हे लिहून घेतलं नाही.

तीन आठवडे तो माळ्यावरून
जेवायलाही नीट उतरला नाही.
आता त्याच्या पाण्यावर कधीकधी वारा पडतो,
आणि पुढे ढकलायचं बटण नाही.

मावशी परत आली. या वेळी कोट काढून ठेवला.
हात मांडीवर, कशालाही शिवली नाही.
शीड लोंबतंय, ओला दोर
डोलकाठीला मधूनच घासतोय.
दूर किनाऱ्यावर मटाराएवढं चर्च.
मी चहा ठेवला. त्यावर साय धरली.
खाली भांडी पडली होती, तरी जिन्यावरच थांबले.

"हिस्के," ती म्हणाली, "घड्याळ आहे का गं तिथे?"
मी वाकून बघितलं. होतं.
"किती वाजलेत?"
"साडेआठ."
"मग आहे अजून वेळ," ती म्हणाली,
आणि खुर्ची जरा पुढे ओढली.